उणे एक

उद्यमनगरात लेथ थंडावलेत. पहाटेचे चार.
माझा प्रोग्राम झोपलाय एका ओळीवर,
एकशे बेचाळीस सॉकेट उशाशी घेऊन.

आधी एकेकाला विचारायचो :
गारगोटी, आलं का? आजरा, आलं का?
कडगाव? परत गारगोटी?
प्रोसेसर तापायचा, हाती नुसता नकार.
आता विचारत नाही.
सगळी नावं एकदाच कर्नलच्या कानावर घातली,
म्हटलं, कुणी बोललं तर उठव.

पाच वाजून सात. कडगाव बोललं :
म्हैस, साडेसहा लिटर, फॅट सात पॉइंट दोन.
मग एकदम चाळीस गावं,
कॅन आपटल्यासारखी.
जो बोलतोय त्याचं घ्यायचं,
ज्याचा कान मोकळा त्याला पावती धाडायची,
आणि परत झोप.

मानबेटचा हिंदुराव मात्र तीन दिवस गप्प.
लाइन तोडलेली नाही. लिहू म्हटलं तर लिहिता येतंय,
वाचायला काही नाही.
साहेब म्हणाले, तीस सेकंद लाव, काढून टाक.

मी उणे एक ठेवलाय.
म्हणजे कितीही वेळ.

गेल्या महिन्यात फोनवर म्हणाला होता,
"काय लगा, मशीनमधी म्हशीचं नाव टाकता येतंय का?"
त्याचं उत्तर
अजून माझ्याच बफरात पडलंय.