मुरत घातलेली माती

खानापुरात, रुमेवाडीच्या वाटेवर
भरमू कुंभार हौदात माती मुरत घालतो.
येते तेव्हा तांबडी, वीस दिवसांत काळपट,
वास मारते गटारासारखा, जरा गोडसर.
"कुजली नव्हं, पिकली," तो म्हणतो.

मी बेळगावहून आलेली,
बाटलीत त्याच्या हौदातली चिमूटभर.
सांगायचं होतं त्याला:
तिथं खाली हवा पोचत नाही.
जे जगतात त्यांना नाक नाही, फुप्फुस नाही,
आणि खाल्ल्यावर उरलेला इलेक्ट्रॉन
कुठंतरी टाकल्याशिवाय
श्वास काही पुरा होत नाही.
म्हणून त्यांच्या कातडीतून
प्रथिनांची एक ओळ बाहेर येते,
प्रत्येकाच्या पोटात लोखंडाचे कण.
आग लागल्यावर बादली पुढं जाते तसं
या लोखंडाकडून त्या लोखंडाकडं,
शेवटचा हात थेट खड्यावर.
गंज ते घेतो.
रंग सोडतो.

एवढं बोलून मी थांबले.
भरमूनं गोळा अंगठ्यानं दाबला.
"म्हंजे कुणीतरी श्वास टाकून टाकून
मऊ केलीया व्हय ही?"
मला वहीत असं लिहिता आलं नव्हतं.

भट्टीपाशी सून म्हणाली, "साकु."
लाकूड थांबलं, हवा आत शिरली,
तिनं आपलं देणं वसूल केलं,
मडकी पुन्हा तांबडी.

एक तेवढं बुडाशी काळं राहिलं,
दुसऱ्याला चिकटून होतं तिथं.
"हे कोण इकत घेत न्हाई,"
म्हणून त्यानं मला दिलं.
पाणी मी त्यातलंच पिते.