ओठ हलतात

एकवीस चित्रपटांत मी एल्डन वेदरलीचा आवाज होतो.
तो मोन्टानाचा, मी पाचपाखाडीचा.
घोड्यावरून उतरून त्याने दिलेली धमकी
मी एका तळघरात दिली, गाद्या ठोकलेल्या भिंतीपुढे,
पंखा बंद करून,
कारण मोन्टानात पंख्याची घरघर चालत नाही.

चित्रपटाला अकराशे रुपये. पुढे साडेतीन हजार.
त्याच्या घराला चाळीस खिडक्या, असं कुठेसं छापून आलं
तेव्हा आईने आमच्या मोजल्या :
तीन. त्यातली एक जिन्यातली.

आधी तो हमाल झाला, मग बॉक्सर, मग शेरीफ,
मग दारूत बुडालेला वैमानिक.
त्या वैमानिकापायी मी दोन दिवस बर्फाचं पाणी पिऊन
घसा बसवून घेतला.
बक्षीस त्याला मिळालं, खोकला मला.
तक्रार नाही. सांगतोय फक्त.

एक गोष्ट मात्र छळायची.
मोठ्या वाक्याआधी त्याचे ओठ हलायचे.
मूळ ट्रॅकवर काही नाही.
अनुवादकाच्या कागदावर एवढंच : ओठ हलतात.
दिग्दर्शक म्हणायचा, श्वास टाक.
मी श्वास टाकायचो, कधी खाकरायचो, कधी नुसतं ‘हं’.
एका फाशीच्या दृश्यात ते चांगले चार सेकंद हलले
आणि मी तिथे शिवी घातली,
सौम्यशीच.
चपखल बसली.

प्लासिड डिमेलोने रीळ थांबवलं.
चरईतला, यंत्रावरचा माणूस. चार वर्षांत माझ्याशी
‘लेव्हल दे’च्या पलीकडे बोलला नव्हता.
म्हणाला, काढ ती.
का?
प्रार्थना करतोय रे तो.
आणि काचेपलीकडून, आवाज न करता,
त्याने ती मराठीतून म्हणून दाखवली.
ओठांना ओठ जुळत नव्हते.
लांबी तंतोतंत होती.

माझे वडील वागळे इस्टेटमधले लाल बावट्यावाले.
घरातल्या कोनाड्यात देवाऐवजी
युनियनच्या पावत्यांची वही.
मी हसलो.
पण शिवी काढली.

मग ऐकत गेलो त्याच्याबद्दल, प्लासिडकडूनच, तुकड्यातुकड्यांनी.
रविवारी चित्रीकरण करणार नाही म्हणाला, एक कंपनी गेली.
एका पटकथेतली आठ पानं फाडून परत पाठवली, दुसरी गेली.
वर्तमानपत्रांनी त्याची टर उडवली.
शेरीफचे पोस्टर उतरले,
माझाही फोन वाजेनासा झाला.
त्याच्या श्रद्धेचा हप्ता
मी का भरायचा, असं एकदा
तलावपाळीवर, भेळेच्या कागदाशी बोलून दाखवलं.

शेवटचा आला तो छोटासा चित्रपट,
एका वाहिनीने गुड फ्रायडेच्या दुपारसाठी घेतलेला.
त्यात एल्डन वाचा गेलेला पाद्री.
दीड तासात एक वाक्य नाही,
नुसते ओठ.
मला पूर्ण मानधन मिळालं, श्वासांचं.
तीन दिवस मी त्या माणसासाठी श्वास घेतले
आणि तिसऱ्या दिवशी घरी जिना चढताना
माझा कुठला हे कळेना.

गेला तेव्हा शेवटच्या पानावर चार ओळी होत्या,
नावात एक अक्षर चुकलेलं.
प्लासिडने तलावाजवळच्या चर्चमध्ये मिस्सा ठेवली.
फादरनी विचारलं, मृत व्यक्ती कुठली?
पाचपाखाडी, प्लासिडने सांगितलं.

मी शेवटच्या बाकामागे उभा.
कानांवर हेडफोन नाही, समोर कागद नाही,
कुणी हात खाली करून ‘सुरू’ म्हणेना.
सगळे एका आवाजात बोलू लागले.
मला शब्द येत नव्हते.
ओठ हलवले.

पुढची म्हातारी मागे वळली,
माझ्या तोंडाकडे बघत राहिली थोडा वेळ,
मग पर्स मांडीवर घेऊन
सरकून बसली.