शेड मॅचिंग

विक्रोळी, कन्नमवार नगर. दुपारचे अडीच.
दुकानात मी, गळका एसी
आणि पानवाल्यासारखा तोंड रंगलेला प्रिंटर.
दोघं भावंडं आली. त्याने मोबाईल पुढे केला:
"यातले वडील तेवढे काढून द्या.
बारा बाय अठरा. ब्लॅक अँड व्हाइट.
परवा जलदान आहे."

फोटो पुतण्याच्या हळदीतला.
मागे झेंडूच्या माळा, प्लास्टिकची लाल खुर्ची,
कुणाचं तरी कोपर, हिरवा चुडा,
आणि मधोमध विश्राम तांबे,
डाव्या गालावर चार बोटं हळद,
हसणं नुकतंच सुरू झालेलं.

कोपर, खुर्ची, माळा: पाच मिनिटांत साफ.
माणूस एकटा करायला वेळ लागत नाही.

मग रंग.
लोकांना वाटतं, एक बटण असतं.
असतंही. दाबलं की माणूस
ओल्या सिमेंटसारखा सपाट होतो.
त्या बटणाला खुर्ची आणि चुडा
एकाच राखेचे दिसतात.
म्हणून मी आत जातो.
प्रत्येक फोटोच्या आत तीन फोटो असतात,
आधीच काळेपांढरे:
लालने पाहिलेला, हिरव्याने पाहिलेला, निळ्याने पाहिलेला.
कुणाचं किती ऐकायचं, एवढंच माझ्या हातात.

लाल पट्टी उजवीकडे सरकवली.
सुरकुत्या विरघळल्या, ओठ पुसट झाले,
हळद कातडीत जिरून गेली
आणि तांबे दहा वर्षांनी लहान,
चार पिढ्यांनी गोरे झाले.
"हा," मुलगा म्हणाला, "हाच. एकदम फ्रेश."

मुलगी इतका वेळ
फळीवरचे फोटोचे मग बघत होती.
"हे बाबा नाहीत," तिकडेच बघत म्हणाली.
"बाबा काळे होते."
"अगं ताई, फोटोत जरा उजळ..."
"काळे होते, सुमेध."

एसीने बादलीत एक थेंब टाकला.

मी निळ्याकडे गेलो. निळा कुणाला सोडत नाही.
देवीचे वण वर आले, दाढीचे खुंट,
डोळ्यांखालची तीस वर्षांची नाइट शिफ्ट,
आणि हळद चक्क काळी झाली,
गालावर कुणी काजळाचा पंजा ओढल्यासारखी.
सुमेधने मान फिरवली.
ती मात्र स्टूल ओढून बसली.

"भांडुपला रंगाच्या कंपनीत होते,"
मला सांगत होती की स्क्रीनला, कळेना.
"शेड मॅचिंगला. मशीन नंतर आलं.
आधी बाबाच. पत्र्याच्या तुकड्यावर बोट ओढायचे,
खिडकीशी न्यायचे, ट्यूबखाली न्यायचे,
म्हणायचे, अजून थेंबभर काळा.
आमच्या घरात पांढरा असा नव्हताच कुठे.
भिंत दुधी, चादर निळसर,
भातालासुद्धा नाव होतं."
कुठलं, ते सांगितलं नाही.

मी पट्ट्या हलवत राहिलो.
लाल थोडा मागे. मधे हिरव्याला बसवलं,
चेहऱ्यांच्या बाबतीत तो समजूतदार असतो.
निळा चवीपुरता.
"अजून," ती म्हणाली. "अजून. आता एक घर मागे."
हळद राहिली.
पिवळी नाही, पण कातडीहून वेगळी,
गालावर कवडसा पडावा
आणि सूर्य सरकला तरी तिथेच राहावा, तशी.
"लोकांना डाग वाटेल," सुमेध म्हणाला.
"वाटू दे."

प्रिंट निघाली, ओलसर.
एक गोष्ट मी गिऱ्हाइकांना सांगत नाही:
माझा प्रिंटर काळा एकट्याने करत नाही,
निळा, गुलाबी, पिवळा,
तिघांना गुपचूप कामाला लावतो.
ती प्रिंट घेऊन दारापर्यंत गेली,
उन्हात धरली. परत आली, ट्यूबखाली धरली.
एक डोळा बारीक केला.
"हिरवट मारतोय," म्हणाली. "थेंबभर."

मी पाहिलं. दिसलं नाही.
पुन्हा पाहिलं.
होता.

दुसरा कागद लावला,
गुलाबी एका आकड्याने वाढवला
आणि तिच्या तोंडाकडे बघत उभा राहिलो,
पास होतंय का.