अठरावा नमुना

खाटकाकडून डुकराचं कातडं आणलं, तिसऱ्यांदा.
"एवढ्याचं करता तरी काय?" त्यानं विचारलं.
इर्मट्राउट नुसते पैसे मोजत राहिली.

ऑगस्ट. टुटलिंगनच्या वरच्या अंगाला
डॅन्यूब जमिनीखाली शिरते, पात्रात गोटे उरतात.
इथल्या कुणाला त्याचं नवल नाही.
आमच्या टेबलावर काडेपेटीतल्या काडीएवढी कांडी,
तिला तीन वर्षं कुणाच्या तरी दंडात राहायचंय,
दुखू न देता.

सतरा नमुने झाले.
दट्ट्या दाबला की कांडी पुढे जायची,
पण कुठे?
कधी खोल स्नायूत, कधी तिरकी,
एकदा तर कातड्यातून आरपार,
खालच्या फळीत रुतली. पक्कडीनं काढली.

रात्रपाळी उरकून झुझाना आली, दवाखान्यातली नर्स.
अंगठा खटक्यापर्यंत पोचेना.
"ही पंजा बघून केलीय, हात बघून नाही."
मग कॉफीत साखर ढवळत, सहजच:
"बाळ झोपलं की मी त्याला गादीवर ढकलत नाही.
ठेवते. आणि खालून हात काढून घेते,
हळू,
त्याला कळायच्या आत."

इर्मट्राउटचा चमचा कपातच राहिला.

आता दट्ट्या जागचा हलत नाही.
कांडी त्याला टेकून थांबते
आणि सुईच मागे येते,
आपण आलोच नव्हतो अशी.

कातडं मिटलं. मी बोटानं चाचपलं,
वरच्यावर, जिथे हवी तिथे.
वहीत तिनं आकडा लिहिला, १८.
पुढे प्रश्नचिन्ह काढलं सवयीनं,
मग खोडलं.