हनुवटी इथं टेकवा

मिरजेच्या या खोलीत माझं बोलणं एवढंच:
हनुवटी इथं टेकवा, काडी दातांत धरा, हलू नका.
मशीन डोक्याभोवती फिरतं,
महादेवाला घालतात तशी अर्धी प्रदक्षिणा,
आणि वाकडा जबडा सरळ होऊन फिल्मवर उतरतो,
कुणीतरी घोड्याचा नाल उलगडून ठेवावा तसा.

बावीस वर्षांत एवढं कळलं,
हाड आपल्या मनानं मोडत नाही.
उसाच्या दिवसांत पोरं येतात,
अंकलीच्या पुलाअलीकडं
बिनदिव्याच्या ट्रॉलीला मागून धडकलेली.
हनुवटी फुटलेली, आणि दोन्ही कानांपुढची बारीक मान
पेरूच्या फांदीसारखी चिरफळलेली.
मार मधे, मोड टोकांना.

बेडगचा एक पैलवान. सरावात कोपर बसलं.
कोन मोडला तो नेमका अक्कलदाढेपाशी;
दाढ आडवी रुतली की तिथलं हाड कमी पडतं.
म्हटलं, गड्या, अक्कल यायच्या जागीच गेलास.
हसायला गेला आणि कळवळला.

मालन मगदूम, वय चौतीस, मालगाव.
कारण: मोरीत घसरून.
मी लिहिलं. रकाना भरणं माझं काम.
हनुवटीवर ओरखडा नव्हता.
डावा कोन मोडलेला,
आणि उजवीकडं सुळ्याखाली दुसरी चीर.
फरशीला उजवा हात असतो का,
हे विचारायला रकाना नाही.
नवरा सोबत होता. पावती त्यानंच फाडली.
मला म्हणाला, "पाणी कुठं मिळंल हितं?"

कानातलं एक फूल निघालं नव्हतं, फिरकी घट्ट बसलेली.
फिल्मवर त्याची सावली पडली,
डाव्या कानाचं फूल उजवीकडं, जरा वर, धुरकट.

मग दात तारेनं बांधले.
नाचणीची पेज, ताक, गाळलेली आमटी,
सगळं नळीनं.

पाचव्या आठवड्यात आली. एकटी, एसटीनं.
जुनी फिल्म खिडकीला धरून म्हणाली, "ह्ये काय?"
म्हटलं, ते खरं न्हवं.
खरं फूल ह्या बाजूला. मशीन फिरताना पलीकडं उमटतं.
बराच वेळ बघत राहिली.
बांधल्या दातांतून शब्द येतात
चाळणीतून पीठ यावं तसे, थांबत:
"मग कारण बी पलीकडंच उमटलंय. खोडा ते."

खोडायला डॉक्टरांची सही लागते,
हे सांगायला मी तोंड उघडलं.
कानापाशी जबडा कट्कन वाजला. माझा.
बरीच वर्षं वाजतो. फिल्म कधी काढली नाही.

"आन् हिची एक प्रत काढा," ती म्हणाली,
"ठाण्यात द्यायची हाय."

प्रिंटर तापायला चार मिनिटं लागतात.
मी म्हटलं, बसा.
बसली नाही.