पान नऊ

कोल्हापूरच्या एका बंद पडलेल्या पतपेढीतून
हे मशीन घाट उतरवून आणलं,
टेम्पोत, जुन्या गादीत गुंडाळून.
तिथं म्हणे ते शहाण्यासारखं वागायचं.

इथं, देवगडात, मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात
खिडकीखाली जेटी, जेटीखाली खाडी,
आणि कागद बाहेर येतो
तव्यावरल्या पापडासारखा, कडा उचलून.
पहिला ट्रेमध्ये कमान करून बसतो,
दुसरा त्याच्या पाठीवर चढतो,
तिसरा खालून डोकं घालतो,
पिना बसतात तिरक्या, कुठेही.
रविवारी वार्षिक सभा. अहवाल हवेत दोनशे.
झालेत सतरा.
त्यातले सरळ, चार.

आग्नेल कणकवलीहून दुपारच्या एसटीनं आला.
रोलर पुसले. सेटिंग जाड कागदावरून साध्यावर आणलं.
ट्रेच्या टोकाखाली पुठ्ठ्याची घडी सारली.
पंधरा काढून पाहिले. तेच.
मग कपाटाखालचा उघडा रीम ओढला
आणि गालाला लावला. हात नाही, गाल.
"मशीनाक काय्येक झाला नाय," म्हणाला,
"कागदाक दर्याची हवा लागली."

आठ दिवस खिडकीशी पडलेला रीम,
एका अंगानं ओल प्यायलेला,
मग आतल्या तापल्या रोलरखाली
दुसऱ्या अंगानं आवळलेला.
हे मला कळायला हवं होतं.
सुक्या मासळीचा हिशोब मीच लिहिते.

दारात झाडू धरून द्वारका कुबल उभी.
"मग पालथो घाल मरे.
बांगडे नाय परतत आमी?"

आग्नेल हसला नाही.
"सांगणारच होतो," म्हणाला, जरासा ओशाळून.
बंद रीम फोडला, पालथा भरला,
ढीग वाढू दिला नाही, दहा-दहांनी उचलत गेला.
पहिली प्रत आडवी झाली.
दुसरी तिच्यावर, कडेला कड.

ओला रीम द्वारकानं चुलीला नेला.
सकाळी सांगत आली, "पेटूकच मागत नाय."

त्याआधी, संध्याकाळी, चेअरमन तांडेल आले.
वरची प्रत उचलली, उघडली.
पान नऊ. थकबाकीदारांची यादी.
चौथं नाव त्यांचं.
त्या सतरा प्रतींत हेच पान हटकून आत वळायचं,
अक्षरं पोटाशी धरून.
आता टेबलावर, पंख्याखाली,
हलतसुद्धा नव्हतं.

"बरं झालं," ते म्हणाले,
आणि तळहातानं ते पान दाबत राहिले,
सरळच होतं तरी.