दॅटच्या पुढची जागा

पाणी चौथ्या दिवशी येतं, त्या रात्री वर्ग भरत नाही.
बाकी रात्री साडेसातला,
अशोक चौकामागच्या शाळेत, खोली नंबर चार.
बाकं चौथीच्या पोरांची,
त्यामुळं सगळ्यांचे गुडघे बाकाच्या वर येतात
आणि वह्या गुडघ्यांवर.

फळ्यावर लिहितो: धडा सातवा, शहरीकरण.
त्याखाली: सो, मग मोकळी जागा, मग दॅट.
पुस्तकातलं वाक्य वाचून दाखवतो,
शहर इतकं झपाट्यानं वाढलं की
आणि थांबतो.
पुस्तकातही पुढं नुसती टिंबं आहेत.

राजेशम मेरगू हात वर करतो.
सव्वीस वर्षं जेकार्डवर चादरी काढल्या,
आता गिरणीच्या जागेवरल्या टॉवरला वॉचमन.
"शहर इतकं वाढलं की आमचा कारखाना मधोमध आला.
आधी शेवटाला होता.
आम्ही हाललो नाही, सर. शेवट हालला."
मी म्हणतो, हे इंग्रजीत सांगा.
तो म्हणतो, इंग्रजीत ते कुणाला पटंल?

पद्माबाई कोंगारी मागच्या बाकावर.
पदरात पान नाही, तंबाखू नाही, दोरा नाही,
तरी बोटं वळतच असतात.
"व्हेरी म्हणजे लई. सो म्हणजे पण लईच. मग दोन कशाला?"
मी सांगतो: व्हेरी बोललं की वाक्य मिटलं.
सो म्हणजे लई, पण उधारीवर.
दॅट आल्याशिवाय ती फिटत नाही.
"म्हणजे उचल," राजेशम म्हणतो.
सगळा वर्ग एकदम मान हलवतो.
बारा वर्षांत व्याकरण इतकं चटकन
कुणाला कळलेलं मी पाहिलं नव्हतं.

मग टू.
फ्लॅट इतका महाग आहे की घेता येत नाही.
इंग्रजीत: फ्लॅट टू महाग, टू घेणे.
पद्माबाई बोटावर शब्द मोजते. पुन्हा मोजते.
"सर, नाही गळालं."
गळालं नाही, मी म्हणतो, टूच्या पोटात आहे.
ती थोडा वेळ गप्प.
मग सांगते, पोरासंगं गेलती सँपल फ्लॅट बघायला.
गार पाणी दिलं, गुळगुळीत कागद दिला,
दारापर्यंत सोडायला आले.
"नाही कुणीच म्हणलं नाही बघा.
टू म्हणले असतील."

कुणी हसलं नाही. बाहेर एक माग चालू होता,
खट्याक खट्याक, मग तोही थांबला.

कुणीतरी विचारलं, घरी काय म्हणता?
तिनं तेलुगूत सुरू केलं: इल्लु एंत चिन्नदंटे
आणि त्या अंटेवर थांबली.
घर इतकं छोटं, की.
तिथं दॅट होता, की होता, अंटे होता,
तीन भाषांचे तीन उंबरे एकाच दाराला,
आणि ती उंबऱ्यावरच बसून राहिली.
मी पुढचं विचारलं नाही.
घरचा अभ्यास दिला, पाच वाक्यं.

आठवड्यानं त्या टॉवरमध्ये शिकवणी लागली, नववा मजला.
गेटवर राजेशम. शिट्टी गळ्यात, टोपी मापाहून मोठी.
"सही करा, सर. टाइम इन."
रजिस्टर उघडलं.
नाव, फ्लॅट, काम, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना,
जो आजवर कुणीच भरला नव्हता.
तिथं त्याचं अक्षर, ताणा लावल्यासारखं सरळ, इंग्रजी:
टँकर इतका उशिरा आला की
इथं रकाना संपला.
खालच्या ओळीत: लिफ्ट इतक्यांदा बंद पडली की
रकाना संपला.
त्याखाली: कामवाल्या बाईला इतका वेळ थांबवलं की

स्पेलिंगची एक चूक होती, टँकरमध्ये.
मी सवयीनं खिशातनं लाल पेन काढला.
त्यानं रजिस्टर अलगद ओढून घेतलं.
"राहू द्या, सर.
ते सोसायटीचं आहे."